पार्किंगमध्ये चार्जर बसवायचे, तर सोसायटीची वीज पुरेल का?

सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत हल्ली एक विषय निघाला की आवाज चढतात. इलेक्ट्रिक गाडी घेतलेला सभासद पार्किंगमध्ये चार्जर बसवायला एनओसी मागतो. कमिटी म्हणते, आज तुम्हाला दिली तर उद्या पन्नास जण मागतील आणि डीपी, म्हणजे सोसायटीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, उडेल. सभासद म्हणतो, माझ्या मीटरवरून घेतो, बिल मी भरतो, यात सोसायटीचं काय जातं? दोन्ही बाजूंची काळजी खरी असते, पण आकडे कुणाकडेच नसतात. भार मोजायचं हे गणित दहावीच्या पलीकडचं नाही. सभेला जाण्याआधी ते कागदावर मांडलं, तर निम्मा वाद तिथेच मिटतो.

## किलोवॅट वेगळा, युनिट वेगळं

किलोवॅट म्हणजे एखादं उपकरण या क्षणी किती जोरात वीज ओढतंय ते. युनिट म्हणजे एकूण किती वीज ओढून झाली ते. एक किलोवॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट होतं. बिल प्रामुख्याने युनिटवर येतं. केबल, मेन स्विच आणि ट्रान्सफॉर्मर यांना मात्र किलोवॅटशीच देणंघेणं असतं, कारण त्या क्षणी त्यांच्यातून किती प्रवाह जातो त्यावर ते किती तापणार हे ठरतं.

चार्जरचे आकडे याच हिशेबातून येतात. घरात सिंगल फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या एकाच तारेवरच्या जोडणीला, २३० व्होल्ट असतात. ३२ अँपिअरचा चार्जर लावला की २३० गुणिले ३२, म्हणजे सुमारे ७.४ किलोवॅट. भिंतीवरच्या डबा-चार्जरवर हाच आकडा छापलेला असतो. गाडीसोबत येणारी, १५-१६ अँपिअरच्या सॉकेटात खुपसायची केबल साधारण ३.३ किलोवॅट ओढते. थ्री फेजवर, म्हणजे अशा तीन तारांच्या जोडणीवर, ११ आणि २२ किलोवॅटचे चार्जर मिळतात. स्कूटरचा चार्जर बहुतेक वेळा एक किलोवॅटच्या आतच असतो, त्यामुळे तिची फार चिंता नको.

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना साधारण दीड किलोवॅट घेतो. म्हणजे ७.४ चा एक चार्जर हा पाच एसींएवढा भार झाला. वीस चार्जर म्हणजे शंभर एसी एकदम चालू! कमिटीच्या पोटात गोळा येतो तो इथेच.

आता युनिटच्या बाजूने बघा. शहरात रोजची धाव ४० किलोमीटर धरू. छोटी-मध्यम इलेक्ट्रिक कार एका युनिटमध्ये सहा ते आठ किलोमीटर जाते. सातने भागलं तर पावणेसहा युनिटं. चार्जिंगमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून साडेसहा धरू. ७.४ च्या चार्जरवर हे काम तासाभराच्या आत होतं, ३.३ वर दोन तासांत. गाडी मात्र संध्याकाळी आठपासून सकाळी आठपर्यंत पार्किंगमध्ये उभी असते. बारा तासांच्या मुक्कामात गरज एक-दोन तासांची. पुढचं सगळं गणित या फरकावर उभं आहे.

## मंजूर भार आणि खरी मागणी

वीजबिलावर 'मंजूर भार' असा एक रकाना असतो. वितरण कंपनीने तुमच्या जोडणीला दिलेली ती मर्यादा. घरातल्या सगळ्या उपकरणांच्या किलोवॅटची बेरीज केली की 'जोडलेला भार' मिळतो. आणि प्रत्यक्षात एका वेळी जास्तीत जास्त जेवढं ओढलं जातं, ती 'कमाल मागणी'. हे तीन आकडे कधीच सारखे नसतात.

लग्नाला पाचशे माणसांना आमंत्रण असतं, तरी पाचशे पाट कुणी मांडत नाही. दीडशेची पंगत मांडतात, एक उठली की दुसरी बसते. सोसायटीचा ट्रान्सफॉर्मरही असाच निवडलेला असतो. शंभर फ्लॅट, प्रत्येकाचा मंजूर भार पाच किलोवॅट, एकूण पाचशे. तरी बाहेर डीपी ३१५ केव्हीएचा असतो आणि वर्षानुवर्षं बिनघोर चालतो. कारण सगळ्यांचे गिझर, मिक्सर आणि इस्त्री एकाच मिनिटाला चालू होत नाहीत. (केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेचं माप. या लेखापुरतं ते किलोवॅटच्या जवळपास धरलं तरी चालेल.)

गाडी या पंगतीत बसली की लवकर उठत नाही. गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो, एसी थर्मोस्टॅटने थांबतो. बॅटरी पार उतरलेली गाडी ३.३ किलोवॅटवर रात्रभर सलग ओढत राहते. शिवाय सगळे कामावरून साधारण एकाच सुमारास परततात आणि आल्या आल्या प्लग लावतात. म्हणूनच वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकात चार्जरसाठी सवलत ठेवलेली नाही: भार आपोआप नियंत्रित करणारी व्यवस्था नसेल, तर सगळे चार्जर एकाच वेळी पूर्ण भाराने चालतील असं धरूनच हिशेब करायचा.

## शंभर फ्लॅटचं एक उदाहरण

आपली कल्पित सोसायटी शंभर फ्लॅटची, ३१५ केव्हीएचा डीपी फक्त तिच्यासाठी. मे महिन्यात रात्री अकराच्या सुमाराला, सगळे एसी चालू असताना, कमाल मागणी २०० केव्हीए भरली असं धरू. हा आकडा अंदाजाने घ्यायचा नाही. परवानाधारक कंत्राटदाराकडून डीपीच्या मुख्य केबलवर लॉगर (भाराची सतत नोंद ठेवणारं यंत्र) लावून आठवडाभर नोंद घ्यायची, तीही उन्हाळ्यात. डिसेंबरात मोजून मे महिन्याचा निर्णय घेऊ नये.

ट्रान्सफॉर्मर शंभर टक्के भरायचा नसतो. ८० टक्के धरले तर ३१५ चे २५२ होतात. त्यातून २०० वजा. उरले ५२ केव्हीए.

आता ७.४ चे किती चार्जर बसतील? ५२ भागिले ७.४ केलं की सात येतात. पण वीज तीन फेजमध्ये वाटलेली असते, प्रत्येक फेजला साधारण १७. एका फेजवर दोन चार्जर म्हणजे १५, ते बसतात. तिसरा लावला तर २२, म्हणजे त्या फेजवर मर्यादेबाहेर. म्हणून खरं उत्तर सहा. ही वाटणी न करता कुणी सातही चार्जर सोयीचे म्हणून एकाच फेजवर टाकले, तर डीपीत जागा असूनही तो फेज तापतो आणि त्यावरच्या घरांना व्होल्टेज कमी मिळतं. उन्हाळ्यात एका विंगचे दिवे मंद आणि दुसरीचे लख्ख असतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

सहाच चार्जर म्हटल्यावर कमिटीला आपलं म्हणणं खरं झाल्यासारखं वाटेल. पण आता युनिटने मोजू. चाळीस गाड्या, प्रत्येकीला साडेसहा युनिटं, एकूण २६०. रात्री अकरा ते सकाळी सहा हे सात तास. २६० भागिले ७ केलं तर सरासरी ३७ किलोवॅट. आपल्याकडे ५२ आहेत. म्हणजे ज्या डीपीवर बेलगाम चार्जर सहा बसतात, त्याच डीपीवर शिस्तीत चाळीस गाड्या भरतात. नवा ट्रान्सफॉर्मर नको, नवी केबल रस्ता खोदून आणायला नको.

ही शिस्त लावणाऱ्या यंत्रणेला 'लोड मॅनेजमेंट' म्हणतात. चार्जर आणि गाडी यांच्यात सतत एक संकेत चालू असतो, त्यावरून चार्जर गाडीला सांगतो की आत्ता इतकेच अँपिअर घे. ३२ वरून १६, १६ वरून १०, आणि कमीत कमी ६ अँपिअरपर्यंत तो उतरवता येतो. ६ अँपिअर म्हणजे १.४ किलोवॅटच्या आसपास, एका एसीएवढा. त्या वेगाने प्रत्येक फेजवर बारा, म्हणजे एकूण ३६ गाड्या एकाच वेळी भरू शकतात आणि उरलेल्या चार थोड्या वेळाने सुरू होतात. जास्त हुशार यंत्रणा डीपीच्या मुख्य मीटरकडे बघत असते. रात्री एसी बंद होत गेले, मागणी १२० वर आली, की गाड्यांचा वेग आपोआप वाढवते. म्हणून सोसायटीने चार्जर विकत घेताना हे नियंत्रण त्यात आहे का, आणि वेगवेगळ्या कंपन्यांचे चार्जर एकाच नियंत्रणाखाली येतात का, हे आधी विचारावं. प्रत्येकाने आपापला स्वस्त डबा आणून लावल्यावर हे करता येत नाही.

## 'माझ्या मीटरवरून घेतो, मग काय अडचण?'

पहिली अडचण खुद्द त्या सभासदाचीच आहे. सिंगल फेज जोडणी महाराष्ट्रात साधारण ४० अँपिअरपर्यंत मिळते, म्हणजे सुमारे ९.२ किलोवॅट. त्यातले ७.४ गाडीने घेतले की घराला १.८ उरतात. गाडी चार्जिंगला आणि कुणी दोन किलोवॅटचा गिझर चालू केला, तर मेन स्विच पडणार. अशा घराला ३.३ किलोवॅटचा चार्जर पुष्कळ झाला, किंवा थ्री फेज जोडणी घ्यावी. शिवाय काही गाड्यांच्या आतलाच चार्जर ३.३ चा असतो. टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा ३.३ आणि ७.२ असे दोन्ही पर्याय होते. ३.३ वाल्या गाडीला भिंतीवर ७.४ चा डबा लावला तरी ती घेणार ३.३ च. आधी गाडीचं पुस्तक उघडून बघा, मग डबा निवडा.

दुसरी अडचण सोसायटीची. मीटर तुमचं असलं तरी मीटर रूमचा बसबार (सगळ्या मीटरांना वीज वाटणारी धातूची पट्टी), तिथवर येणारी मुख्य केबल आणि डीपी सामाईक आहे. बिल कुणाच्या नावावर येतं याने त्या केबलला फरक पडत नाही.

पर्याय तीन आहेत: स्वतःच्या मीटरवरून, सोसायटीच्या कॉमन मीटरवरून, किंवा गाड्यांसाठी वेगळी जोडणी घेऊन. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी भरली तर घरगुती दर लागतो, पण युनिटं वाढल्याने वरच्या स्लॅबचा दर लागू शकतो. कॉमन मीटरवर हिशेबाची भांडणं होतात. पाच-सहा गाड्यांच्या पुढे गेलेल्या सोसायटीने वेगळी जोडणी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ईव्ही चार्जिंगसाठी राज्यात वेगळा दरगट आहे, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत केलेल्या दुरुस्तीनुसार ग्राहकाला चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. सगळ्या गाड्या एका जोडणीवर आल्या की भाराचं नियंत्रण करणंही सोपं जातं.

## 'भार वाढवून घेतला की संपलं ना?'

मंजूर भार वाढवणं हे कागदावरचं काम. तांब्या-ॲल्युमिनियमची जाडी त्याने वाढत नाही. डीपीपासून चार्जरपर्यंत वीज एका साखळीतून येते: ट्रान्सफॉर्मर, मुख्य केबल, मेन स्विच, बसबार, मीटरची वायर, पार्किंगपर्यंतची केबल, शेवटी सॉकेट किंवा गन (गाडीत खुपसायचा चार्जरचा प्लग). यातली सर्वांत कमजोर कडी जेवढं झेपवेल, तेवढीच तुमची खरी क्षमता. जुन्या इमारतींत बऱ्याचदा डीपी ठणठणीत असतो आणि मीटर रूममधला मेन स्विच वीस वर्षांपूर्वीच्या गरजेचा असतो. डीपी दोन-तीन सोसायट्यांत सामाईक असेल तर शेजारच्यांचा भारही धरावा लागतो, आणि तो हिशेब वितरण कंपनीच्या कार्यालयातूनच मिळतो. भार वाढवला की स्थिर आकारही वाढू शकतो, म्हणून नेमका हवा तेवढाच मागा.

## खरा धोका कुठे असतो

डीपी उडण्याची भीती सगळ्यांना वाटते, पण जळण्याची शक्यता जास्त असते ती सॉकेटची. पार्किंगच्या खांबावर, वॉचमनच्या पंख्यासाठी लावलेल्या बोर्डातून एक्स्टेंशन ओढून गाडी चार्ज करणारे पाहिले की धसका बसतो. १६ अँपिअरचं सॉकेट गिझरसाठी ठीक असतं, कारण गिझर थोडा वेळ चालतो. तेच सॉकेट रात्रीमागून रात्र आठ-आठ तास १४-१५ अँपिअर वाहू लागलं की पितळी पात्यांची पकड सैल होते, सैल जागी उष्णता वाढते, उष्णतेने पकड आणखी सैल होते. आधी भोकांभोवतीचं पांढरं प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग जळका वास येतो. चार्जिंग संपल्यावर प्लगची पिन हाताला चटका देण्याइतकी तापली असेल, तर ते सॉकेट त्याच दिवशी वापरातून काढा.

केबलची जाडी लांबीवर ठरते, हेही विसरलं जातं. ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, असं इलेक्ट्रिशियन सांगतो आणि जवळच्या अंतराला ते बरोबर आहे. मीटर रूमपासून पार्किंग ६० मीटरवर असेल तर या वायरमध्ये सुमारे १४ व्होल्ट वाटेतच कमी होतात, म्हणजे सहा टक्के. साडेचारशे वॅट नुसते वायर तापवण्यात जातात आणि त्यांचं बिल तुम्ही भरता. तीच वायर १० चौरस मिलिमीटरची घेतली की ही घट साडेआठ व्होल्टच्या आत येते. आज वाचवलेले वायरचे पैसे पुढे दर महिन्याला बिलातून जात राहतात.

आणि गळती प्रवाह, म्हणजे वायर सोडून भलत्याच वाटेने, कधी माणसाच्या अंगातूनही, जाणारी वीज ओळखून ती तोडणारं उपकरण, ज्याला कुणी ईएलसीबी म्हणतं कुणी आरसीसीबी, ते प्रत्येक चार्जरला स्वतंत्र हवं, ३० मिलिअँपिअरचं. घरात असतो तो साधा प्रकार इथे चालत नाही. गाडीच्या चार्जरमधून डीसी (बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज) गळती होऊ शकते आणि साध्या उपकरणाला ती कळत नाही, उलट तिच्यामुळे ते आंधळं होतं. म्हणून 'ए' प्रकारचं उपकरण आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय, नाहीतर थेट 'बी' प्रकारचं उपकरण घ्यावं. पावसाळ्यात ओल्या पार्किंगमध्ये, अनवाणी मूल गाडीला हात लावणार आहे, एवढं डोळ्यासमोर ठेवून ही खरेदी करा. अर्थिंगही मोजून घ्या, नुसतं आहे म्हणून सोडू नका.

## 'आमच्या गच्चीवर सोलर आहे की'

सोलर बिल कमी करतं, पण रात्रीचा भार कमी करत नाही. पॅनल दुपारी वीज देतात आणि तेव्हा गाड्या ऑफिसात असतात. नेट मीटरिंगमध्ये दुपारची युनिटं रात्रीच्या युनिटांतून वजा होतात ती हिशेबात. रात्री अकरा वाजता तीच वीज डीपीतूनच यायची असते. रविवारी किंवा घरून काम करणाऱ्यांनी दुपारी गाडी लावली तर मात्र दोन्ही साधतं, आणि लोड मॅनेजमेंट असलेल्या यंत्रणेत तसं वेळापत्रक घालता येतं.

## 'उद्या शंभरच्या शंभर गाड्या इलेक्ट्रिक झाल्या तर?'

तेही करून बघू. ६५० युनिटं, सात तास, सरासरी ९३ किलोवॅट. अकरा वाजता शिल्लक ५२ आहेत, म्हणजे तेव्हा भागणार नाही. पण मध्यरात्रीनंतर मागणी १२० वर उतरली की शिल्लक १३२ होते. बहुतेक गाड्या एक ते पाच या वेळात भरल्या तर जेमतेम बसेल. रविवारी रात्री सगळे गावाहून पार उतरलेल्या बॅटऱ्या घेऊन आले, की नाही बसणार. थंडीत सकाळी सहाला गिझर सुरू होतात, त्याआधी हे आटोपावं लागेल. तेव्हा या सोसायटीला कधीतरी मोठा ट्रान्सफॉर्मर लागेलच. पण तो साठ-सत्तर गाड्यांच्या टप्प्यावर. पहिल्या चार सभासदांना एनओसी नाकारायला हे कारण पुरत नाही.

## हायवेवर हिशेब बदलतो

एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये थांबणाऱ्या माणसाला बारा तास नसतात, अर्धा तास असतो. तिथे ६० किलोवॅटचे दोन आणि १२० चा एक डीसी चार्जर बसवला, तर गाड्यांकडे जाणारे २४० किलोवॅट. चार्जरमधला पाच टक्क्यांच्या आसपासचा तोटा धरला तर ग्रिडकडून अडीचशेच्या वर. ३१५ केव्हीएच्या डीपीची ८० टक्के मर्यादा तिथेच ओलांडली जाते, दिवे आणि एसी धरायच्या आधी. शिवाय दिवाळीच्या सुट्टीत सगळ्याच गन एकदम लागणार, त्यामुळे कमी धरून चालत नाही. इथे स्वतःचा मोठा ट्रान्सफॉर्मर आणि उच्चदाब जोडणीच लागते, आणि कमाल मागणीवर आकारणी होत असल्याने तासभराच्या गर्दीचेही पैसे महिनाभराच्या बिलात दिसतात.

एसटी आणि पुण्याच्या पीएमपीच्या इलेक्ट्रिक बसच्या डेपोत दोन्ही प्रकार एकत्र येतात. रात्री मुक्कामाला आलेल्या बस हळूहळू भरता येतात, दुपारी फेऱ्यांच्या मधे आलेल्या बसला मात्र घाई असते. डेपोचं भारगणित म्हणूनच वेळापत्रक बनवणाऱ्यासोबत बसून करावं लागतं. बस वीस मिनिटं आगेमागे केली की काही चार्जरचा खर्च वाचू शकतो.

## नवं घर घेत असाल तर

केंद्राच्या आदर्श इमारत उपविधींत २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पार्किंगच्या क्षमतेच्या २० टक्के चार्जिंगची सोय धरायला सांगितली गेली. बिल्डर माहितीपत्रकात 'ईव्ही रेडी' छापतो. त्याला तीन गोष्टी विचारा: डीपीचा आकार ठरवताना गाड्यांसाठी किती किलोवॅट धरले, मीटर रूममध्ये ईव्हीच्या पॅनेलसाठी जागा कुठे आहे, आणि तिथपासून माझ्या पार्किंगपर्यंत केबल ट्रे किंवा पाइप टाकला आहे का. भिंतीवर एक सॉकेट दाखवून तो पुढे सरकला, तर नकाशातला सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे इमारतीतल्या वीजजोडणीचा आराखडा, मागा. त्यात चार्जरचा भार वेगळा लिहिलेला नसेल, तर तो धरलेलाच नाही असं समजा आणि ताब्यापूर्वी लेखी विचारा.